त्रिकोणाची चुकलेली जोडी

१

चहाचा गिलास आधी थरथरला, मग चालायला लागला.

हेमराजची ही जुनी रीत. इंजिन ट्रॅक्टरचं असो की धानगिरणीचं, खोलून परत जोडलं की सुरू करायचं आणि त्याच्या झाकणावर काठोकाठ भरलेला काचेचा गिलास ठेवायचा. चहा जागचा हलला नाही तर तो हेमराजनं प्यायचा, आणि गिऱ्हाइकानं इंजिन घेऊन जायचं. चंद्रपूरच्या कमरुद्दीनच्या गॅरेजात त्याचा चहा सांडलेला आजवर कोणी पाहिला नव्हता.

आज तो त्याच्या लेकीनं पाहिला. साधना तलावाच्या काठावर उभी होती, कडेवर वर्षाची चैतू. समोर ती नाव. खालून परातीसारखी चपटी, आणि मागे पिंजऱ्यात माणसाएवढा पंखा. पाण्यात बुडणारं काही नाही, म्हणून ओंडक्यात अडकणार नाही, उथळ खडकावरून घसरत जाईल. साधना भामरागडकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. पुरात नदीपलीकडची गावं तुटत. दोन पावसाळ्यांमागे एक बाळंतीण त्या काठावर आणि साधना या काठावर, अशी दुपारची संध्याकाळ झाली होती. पुढचं साधना कोणाला सांगत नसे. पण कमरुद्दीनचाचाला तिनं सांगितलं होतं, आणि त्यानं ही नाव बांधायचं मनावर घेतलं.

गिलास चालत झाकणाच्या कडेला आला. पंख्याचा आवाज एकाएकी फाटला, आतून कोणी घण घालावा तसा दणका झाला, आणि सगळं थांबलं. गिलास फळीवर पडला.

"बंद कर! बंद कर!" कमरुद्दीन ओरडला. बंद करायला काही उरलं नव्हतं.

गॅरेजच्या फाटकाशी चहाची टपरी चालवणारी गुणाबाई पुढे झाली. गिलास फुटला नव्हता, काठाचा नुसता कपचा उडाला होता. तिनं तो बोटानं चाचपला. "गेला हा. कपचा उडालेला गिलास मी नाई ठेवत जी," ती पुटपुटली, आणि परतल्यावर तो भंगाराच्या ड्रमात टाकून दिला.

हेमराज मात्र स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

२

दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं.

या इंजिनात पिस्टन नसतो. फुगलेल्या समोशासारखे दोन लोखंडी त्रिकोण एकाच दांड्यावर, एकमेकांच्या उलट तोंडानं बसतात आणि गरागरा फिरतात. दोघं सारख्या वजनाचे असले तर एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. म्हणून ते इंजिन हलकं, तरी जोरकस. पण एक जड आणि एक हलका झाला की ती खांदा न जुळणारी बैलजोडी. आधी हिसके, मग बेरिंगचा चुरा.

तेलात तांबडा चुरा चमकत होता. कमरुद्दीनचा मुलगा मुबीन शेजारच्या दुकानातून तराजू घेऊन आला. एका पारड्यात एक त्रिकोण, दुसऱ्यात दुसरा. पारडं कलंडलं. काटा मध्ये यायला हलक्या बाजूला चांगले मूठभर खिळे टाकावे लागले.

"अब्बा, अक्षर पहा," मुबीन म्हणाला. वजनाप्रमाणे कारखान्यात प्रत्येक त्रिकोणावर अक्षर ठोकलेलं असतं. या दोघांची अक्षरं वेगळी होती.

कमरुद्दीन मटकन स्टुलावर बसला. शारजात तो वीस-एक वर्षं गॅरेजात राबला होता. येताना एक जुनं इंजिन सुटं करून निळ्या पेटीत घेऊन आला होता, दोन्ही त्रिकोण एकाच अक्षराचे. त्याच जातीचं दुसरं, पार थकलेलं इंजिन त्यानं हैदराबादच्या भंगारातून सुट्या भागांसाठी उचललं. ते लाकडी पेटीत. निळ्यातला माल नावेसाठी, लाकडातला अडीनडीसाठी. हे गॅरेजातल्या उंदरालाही ठाऊक होतं.

"हा जड वाला लाकडी पेटीतला होय," मुबीन म्हणाला. "आपला चांगला कुठी गेला मंग? काका, इंजिन तुमीच बसवलं ना?"

"म्याच बसवलं," हेमराज म्हणाला.

"कोनी हात लावला नव्हता?"

"कोनाले लावू देतो का मी?"

"मंग चांगला वाला विकला कोनं?"

साधना ताडकन पुढे आली. "मुबीनभाऊ, तोंड सांभाळून! माह्या बापानं ह्या गॅरेजातला नट नाई नेला घरी!"

"मी नाव नाई घेतलं कोनाचं."

"घ्यायचं बाकी काय ठेवलं तुमी?"

कमरुद्दीननं हात वर केला. "चूप. दोघं बी चूप." पण हेमराजकडे त्यानं पाहिलं नाही, आणि तेच साधनाला जास्त लागलं.

३

"पेटी पाह्यली का कोनी?" तिनं विचारलं. "लाकडी?"

कोणी पाहिली नव्हती. रागाच्या भरात माणूस चोर आधी शोधतो, वस्तू मागून.

पेटी मागच्या खोलीत होती, वर धूळ आणि जुने टायर. साधनानं चैतूला पोत्यावर बसवलं आणि झाकण उचकटलं. आत एकेक भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेला. हैदराबादचं पत्र, जिलेबीसारखी गोलगोल तेलुगू अक्षरं. एक पुडकं सोडलं, दुसरं सोडलं. तळाशी, कोपऱ्यात, एका पुडक्याचा कागद निराळा होता. उजवीकडून डावीकडे पळणारी, टिंबाटिंबांची अक्षरं.

शारजाचा कागद. निळ्या पेटीतला.

तिनं तो झटकून उलगडला. आत त्रिकोण. एका अंगाला ओळीनं मोठी मोठी भोकं, वरचं अक्षर निळ्या पेटीतलंच. कागदाच्या घडीतून काहीतरी वाळकं भुरभुरलं आणि चैतूनं ते लगेच तोंडात घातलं.

"थू कर! थू!" साधनानं बोट घालून काढलं. तपकिरी, दोन पाळ्यांचं, अर्धं चावलेलं पान. तिनं ते पदराच्या टोकाला पुसलं आणि चैतू परत उचलेल म्हणून आपल्या पर्समध्ये टाकलं. मग त्रिकोण छातीशी धरून, एका हातानं लेकीला उचलून, ती धावतच बाहेर आली.

"हा पहा! विकला म्हणे! इथीच हाय!"

मुबीननं अक्षर पाहिलं. खजील झाला. पण माणूस खजील झाला की गप्प बसतोच असं नाही.

"मंग चोरी नाई," तो हळू म्हणाला. "मंग काकाकूनच अदलाबदल झाली. वय झालं, अब्बा. काकाचे डोळे..."

साधना बापाकडे वळली. आता तो उसळेल. निदान एक शिवी हासडेल.

हेमराज म्हणाला, "असंन बापा. माह्याच्यानंच झालं असंन."

४

हा घाव चोरीच्या आळाहून खोल होता.

घरी आल्यावर हेमराजनं पान्यांची पिशवी खुंटीला अडकवली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. साधना चैतूला मांडीवर घेऊन पायथ्याशी बसली.

"बाबा, नीट आठवा. निळी पेटी तुमी केवा भरली?"

"पोळ्याच्या मागंपुढं. म्याच साफ केले, म्याच तोलले. काटा बरोबर मध्ये होता. कागदात बांधून ठेवले."

"अन् काढले केवा?"

"होळीच्या आधी. जोडाच्या वक्ती."

"तेवा परत तोलले?"

"काऊन तोलू? एकदा तोललेलेच होते नं." तो कुशीवर वळला. डोळे पाणावले होते. "पन साधना, एक गोष्ट खटकून राह्यली मले. काढले तं एक त्रिकोन कसा लखलखत होता. आरशावानी. एवढा तं म्या घासला नव्हता. मी मनात म्हटलं, घासला असंन आपुनच, अन् इसरलो. तेवाच समजाले पाह्यजे होतं. डोक्यातलं निसटून राह्यलं बाई माह्या."

"तसं काई नाई."

"माह्या बापाचं बी असंच सुरू झालं होतं. आंधी कुलपं इसरे. मंग आमाले इसरला."

साधनानं चैतूचे केस उगाचच नीट केले.

चार वाजता ती परत गॅरेजकडे निघाली. डोक्यात नुसता गुंता. बापानं दोन त्रिकोण तोलून ठेवले, आणि तेच दोन बाहेर आले नाहीत. मध्ये कोणी हात घातला? आणि घालणाऱ्यानं चांगला माल चोरलाही नाही, नुसता या पेटीतून त्या पेटीत ठेवला. चोर असा असतो का? वैरी असा असतो का?

वैरी म्हणावा तर राजदीप. पुरात नदीवर मोटारबोटी भाड्यानं लावणारा. तो होळीच्या सुमाराला गॅरेजात येऊन गेला होता. साधनानं त्याला फोन लावला.

"आलो होतो नं ताई," तो हसत म्हणाला. "पाहाले आलो होतो, आपला धंदा बसते का काय! पन खरं सांगू? मोठ्या पुरात माही बोट मीच काढत नाई. तुमची नाव चालू द्या. मले बी लेकरं हायेत."

तो आला तेव्हा इंजिन जोडून त्याचं झाकण बसलं होतं, हे चाचानंही सांगितलं. राजदीप बाद.

मुबीन टपरीवर एकटाच बसला होता. साधना समोर जाऊन उभी राहिली. "खरं सांगा भाऊ. तुमी पेटी उघडली होती नं?"

त्यानं मान खाली घातली. "संक्रांतीच्या वक्ती. नागपूरचा एक जन आला होता, जुन्या गाड्यायचा शौकीन. पुरं इंजिन मागत होता. अब्बाले न सांगता दाखवलं म्या. निळी पेटी वरून उघडली, दोन त्रिकोन पाह्यले, बंद केली. कसम से. मंग मलेच लाज वाटली, नाई म्हटलं त्याले."

"म्हणून बाबावर ओरडले?"

"चोराच्या मनात चांदणं," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

"थांबा. तेवा त्या दोघांतला एक लखलखत होता का?"

मुबीन थबकला. "होता. तो नागपूरवालाच बोलला, एक तं नवा दिसते म्हणून."

म्हणजे अदलाबदल संक्रांतीच्याही आधीची. बापानं जोडणी केली त्याच्या कितीतरी आधीची. मग बापाचे डोळे इथे कुठे आले? पण पोळा ते संक्रांत गॅरेजात रोज हीच माणसं, आणि जो तो म्हणत होता, काहीच झालं नाही.

५

चैतू झोपेला आली की रडायची, आणि रडली की तिला स्वतःचेच फोटो दाखवावे लागत. गॅरेजच्या पायरीवर बसून साधना मोबाईलवर बोट फिरवू लागली. ही चैतू पाळण्यात. ही चैतू टोपडं घालून. ही चैतू आजोबांच्या मांडीवर, उष्टावणाच्या दिवशी. हेमराज चमच्यानं तांदळाची खीर भरवतो आहे, चैतूचं तोंड बरबटलेलं, आणि मुठीत...

साधनाचं बोट थांबलं. फोटो मोठा केला.

मुठीत दोन पाळ्यांचं हिरवं पान होतं.

तिनं पर्समधून सकाळचं वाळकं पान काढलं. अर्धं चावलेलं, पण दोन पाळ्यांचं. आपटा. आपट्याची झाडं जंगलात पैशाला पासरी. पण या भर वस्तीतल्या गॅरेजात, बंद पेटीच्या तळाशी, कागदाच्या घडीत आपट्याचं पान कुठून येईल? ते एकाच दिवशी घराघरात शिरतं. त्या दिवशी त्याला सोनं म्हणतात.

उष्टावण दसऱ्यालाच केलं होतं. बाबा त्यासाठी भामरागडकडे आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दसऱ्याला गॅरेजात नव्हते.

तिला एकदम हसू आलं, आणि हसताना रडू. ज्या दिवशी पेटी उघडली गेली, त्या दिवशी तिचा बाप कोसावर कोस दूर, नातीला खीर भरवत होता!

पण कोणी उघडली? आणि का? ती पुन्हा गोंधळली. मग तिची नजर भंगाराच्या ड्रमाकडे गेली. वरच पडला होता कालचा गिलास. चांगला धड, काठाचा एवढासा कपचा उडालेला.

साधना उठली. "मुबीनभाऊ, बाबाले घेऊन या. उचलून आना पाह्यजे तं. अन् चाचाले बोलवा."

६

सगळे टपरीपुढच्या बाकावर जमले. हेमराज सगळ्यांच्या मागे, पाहुण्यासारखा. भोकं असलेला त्रिकोण मधोमध स्टुलावर. गुणाबाई आलं ठेचत होती.

"गुणाबाई," साधना सहज म्हणाली, "मागच्या दसऱ्याले गॅरेजातली पूजा कोनं मांडली वो?"

"म्या मांडली. तुहा बाप तुह्याकडं नव्हता का गेला? चाचानं चाबी देल्ली मले."

"हो, हो," कमरुद्दीन म्हणाला. "हर साल होते पूजा. मी तं परसादाच्या टाइमले येतो. त्याच्यात सांगासारखं काय हाय?"

"कोनालेच सांगासारखं वाटलं नाई चाचा, तेच तं. गुणाबाई, पूजेत काय काय ठेवलं होतं?"

"पाने, हातोडे, जॅक. वेल्डिंगची मशीन. अन् चाचा म्हणे, यंदा नावेचं मोठं काम हाय, तिचे समोसे बी ठेव चौरंगावर. निळ्या पेटीतून काढले मी." तिनं आल्याचा गोळा पातेल्यात टाकला. "एक चांगला होता. दुसरा पाह्यला तं मले कसंच झालं. अंगाले भोकंच भोकं. किडक्या दाढेवानी. आता देवापुढं खंडित कसं ठेवू मी? घरातला फुटका गिलास ठेवत नाई, अन् दसऱ्याच्या चौरंगावर?"

मुबीननं स्टुलावरच्या त्रिकोणाच्या भोकांकडे पाहिलं.

"मंग?" साधनानं विचारलं.

"मंग काय, दुसऱ्या पेटीत पाह्यलं. एक साबूत दिसला. मळकट होता, पन साबूत. त्याले रॉकेलनं धुतलं, राखेनं घासलं, चिंच लावली. असा लखलखला का काय सांगू! दोघायले हळदकुंकू लावलं, आपट्याचं सोनं वाह्यलं."

"अन् पूजा झाल्यावर?"

"पुसून ठेवून देल्ले. पूजा झालेली जोडी फोडते का कोनी? दोघं संगच निळ्या पेटीत ठेवले. तो किडका त्याच्याच कागदात बांधून टाकला दुसऱ्या पेटीत. सोन्याची पानं पडली होती तिथी सारी, गेलं असंन एखांदं घडीत." ती आता सगळ्यांच्या तोंडांकडे पाहू लागली. "काऊन जी? असं काऊन पाहून राह्यले सारे?"

हेमराज उठून पुढे आला. त्यानं स्टुलावरचा त्रिकोण उचलला आणि भोकांवरून अंगठा फिरवला, सावकाश, जसा चैतूच्या हिरड्यांवरून फिरवतो.

"हे किडलं नाई वो गुणाबाई. हा मुळात जड होता. कारखान्यात ह्याले जागोजागी पोखरून हलका केला, तेवा कुठी तो जोडीच्या बरोबर आला. थोडीबहुत भोकं सगळ्यायलेच असतात, ह्याले जास्त. ह्याची भोकं म्हंजे ह्याचं वजन होय."

गुणाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "म्हंजे... म्या केलं? नाव म्या मोडली?"

"तुवा चांगलंच पाहून ठेवलं होतं. म्या पाह्यलंच नाई." हेमराजचा आवाज आता ठाम होता. "अक्षर होतं त्याच्यावर, तराजू होता बाजूच्या दुकानात. एकदा तोललं म्हणून दुसऱ्यांदा नाई तोललं. डोकं नाई गेलं माहं. आळस केला म्या." आणि हे बोलताना तो हसला. आळशी ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस साधनानं पहिल्यांदाच पाहिला.

मुबीन जवळ आला. त्यानं पान्यांची पिशवी पुढे केली. हेमराजच्या खुंटीवरून त्यानंच ती काढून आणली होती.

"चोर म्हणत होता नं काकाले," गुणाबाई डोळे पुसत करवादली. "आता पाया पड मुकाट्यानं."

"राहू दे," हेमराज म्हणाला. "त्याले तराजू आनाले सांग."

कमरुद्दीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हेमराजभाऊ, मी सकाळी तुह्याकडं पाह्यलं नाई."

"मले दिसलं ते."

"मले बी तेच सतावून राह्यलं."

नागपूरहून नवी बेरिंगं आली. जोडायच्या आधी गुणाबाईनं हट्टानं पुन्हा चौरंग मांडला. या खेपेला तिनं भोकांचा त्रिकोण स्वतःच्या हातानं उचलून मधोमध ठेवला आणि एकेका भोकात कुंकवाचं बोट टेकवलं. हेमराजनं सगळं पुसून काढलं, तोललं, अक्षरं वाचली, मग मुबीनकडून वाचून घेतली.

नाव पुन्हा तलावाच्या काठावर आली. आभाळ भरून यायच्या बेतात होतं. इंजिन घरघरलं, पंखा फिरला, काठावरचं गवत सपाट झोपलं. चैतूनं दोन्ही कान दाबून घेतले, कारण आईनं दाबले होते.

"गिलास!" हेमराज ओरडला.

गुणाबाई चहा घेऊन आली. साधनानं पाहिलं, काठाचा एवढासा कपचा उडालेला होता. भंगाराच्या ड्रमातून काढून, घासूनपुसून, काठोकाठ भरलेला.

हेमराजनं तो झाकणावर ठेवला. इंजिन पूर्ण जोरात गेलं. सगळे वाकून पाहत राहिले. चहावर बारीक साय धरत होती.

मग त्यानं गिलास उचलला, कपचा पलीकडे जाईल असा फिरवला, आणि एका दमात पिऊन टाकला.